शुद्ध पाण्याचे केंद्र क्षार काढण्यासाठी बंद असेल तर: लाभार्थ्यांनी काय तपासावे, काय विचारावे

‘मशीन सफाईसाठी बंद आहे’ अशी पाटी शुद्ध पाण्याच्या केंद्रावर दिसली की रांगेतल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो, आज प्यायचे पाणी कुठून आणायचे? बेंगळुरूच्या सर्जापूर रोडसारख्या भागात हा प्रश्न साधा नाही. येथे अनेक वस्त्या बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहिल्या आहेत, आणि सरकारी आरओ केंद्रावर थोड्या पैशांत भरणारा २० लिटरचा कॅन हाच भाडेकरू व मजूर कुटुंबांचा आधार असतो.

ही सफाई म्हणजे यंत्रात साचलेले क्षार रसायनाने काढणे. ती वेळेवर झाली तर केंद्र काही तास बंद राहते. ती टाळली तर मेम्ब्रेन निकामी होऊन केंद्र कित्येक आठवडे बंद राहू शकते. म्हणून सफाई कशी होते, त्या दिवशी कोणती काळजी घ्यावी आणि सफाई होत नसेल तर दाद कुठे मागावी, याची माहिती या लेखात दिली आहे. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या वॉटर एटीएमलाही हीच माहिती लागू पडते.

हे केंद्र कोणत्या योजनेतले?

कर्नाटकात अशा केंद्राच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ शुद्ध पिण्याच्या पाण्याचे केंद्र. काही केंद्रे राज्य सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निधीतून, तर काही आमदार-खासदार निधीतून उभी राहिलेली असतात.

केंद्र सरकारची जल जीवन मिशन ही योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली. ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देणे हे तिचे उद्दिष्ट आहे. ज्या वस्तीच्या पाण्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिकसारखे दोष आहेत आणि नळयोजनेला वेळ लागणार आहे, तेथे सामुदायिक शुद्धीकरण केंद्र उभारून पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दरडोई दररोज ८ ते १० लिटर पाणी द्यावे, असे मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबासाठी रोज ४० ते ५० लिटर, साधारण दोन ते अडीच कॅन.

यंत्रात क्षार का साचतात?

बेंगळुरू कठीण खडकाच्या पठारावर वसलेले आहे. पाऊस खडकाच्या भेगांतून खाली मुरतो आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका विरघळवून घेतो. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस कमी येतो, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ नुसार, एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ती २,००० आहे.

आरओ यंत्र पाणी जोराने मेम्ब्रेनवर ढकलते. शुद्ध पाणी आरपार जाते आणि क्षार मागे राहतात. समजा, बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० मिलिग्रॅम आहे आणि यंत्र निम्मे पाणी शुद्ध करून निम्मे बाहेर टाकते. मग बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात जडपणा दुप्पट, म्हणजे जवळपास ८०० मिलिग्रॅम होतो. रोज ५,००० लिटर शुद्ध पाणी देणाऱ्या अशा केंद्रातून दिवसाला १०,००० लिटर बोअरचे पाणी जाते आणि त्याबरोबर सुमारे ४ किलो जडपणाचे क्षार जातात. यातले बहुतेक बाहेर पडतात. थोडे मेम्ब्रेनवर बसतात आणि त्यांचाच पुढे थर होतो.

हे टाळण्यासाठी पाणी मेम्ब्रेनवर जाण्याआधी त्यात क्षाररोधक रसायन, म्हणजे अँटिस्केलंट, अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. हे रसायन संपले, त्याचा छोटा पंप बंद पडला किंवा पाण्याचा स्रोत बदलला तर थर वेगाने वाढतो. सर्जापूर रोडवर स्रोत बदलणे नेहमीचेच आहे. २०२४ च्या मार्चमधील टंचाईत शहरातल्या हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या आणि लोकांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. आजचा टँकर एका बोअरचा, उद्याचा दुसऱ्या बोअरचा. प्रत्येकाचा जडपणा वेगळा असतो, पण यंत्राची मांडणी मात्र तीच राहते.

थर साचल्याचे लाभार्थ्यांना कसे कळेल?

कॅन किती वेळात भरतो यावरून नेहमी अंदाज येत नाही, कारण कॅन साठवण टाकीतून भरला जातो. त्याऐवजी पुढील खुणा पाहा.

१. पूर्वी संध्याकाळपर्यंत पुरणारे पाणी आता दुपारीच संपते.
२. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याची धार वाढली आहे आणि शुद्ध पाण्याची धार कमी झाली आहे.
३. केंद्रावरच्या टीडीएस दर्शकाचा आकडा दर आठवड्याला चढत आहे.
४. पाण्याची चव मचूळ लागते.
५. नळ, पाइपचे सांधे किंवा मीटरवर पांढरे पापुद्रे दिसतात.

हिशेब करून पाहा. ताशी १,००० लिटर देणारे यंत्र थरामुळे ७०० लिटर देऊ लागले, तर दहा तासांत ३,००० लिटर कमी मिळतात. म्हणजे १५० कॅन कमी. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या १५० घरांना त्या दिवशी खासगी कॅन विकत घ्यावा लागतो. सरकारी केंद्रावर कॅन ५ रुपयांना आणि खासगी कॅन समजा ३५ रुपयांना मिळत असेल, तर रोज एक कॅन घेणाऱ्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च १५० वरून १,०५० रुपयांवर जातो.

सफाई कधी करायची?

मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपन्यांचा साधारण नियम असा आहे : शुद्ध पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्के घटले, क्षार आरपार जाण्याचे प्रमाण ५ ते १० टक्के वाढले किंवा यंत्रातला दाबाचा फरक १० ते १५ टक्के वाढला की सफाई करावी. यापेक्षा उशीर केला तर थर इतका घट्ट होतो की रसायनानेही निघत नाही. मग मेम्ब्रेनच बदलावे लागते.

यासाठी केंद्रावर रोजची नोंदवही हवी. त्यात तारीख, दाब, शुद्ध पाण्याची धार, बाहेर जाणाऱ्या पाण्याची धार आणि टीडीएस एवढे पाच रकाने पुरेसे आहेत. नोंदवही नसेल तर सफाई कधी करायची हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून तक्रार करताना पहिली मागणी नोंदवहीची करा.

सफाई कशी केली जाते?

हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करायचे आहे. पुढील क्रम केवळ माहितीसाठी दिला आहे. आपल्या केंद्रावर काम नीट होते आहे का, हे त्यावरून ओळखता येईल.

पहिली पायरी : यंत्र बंद करून पाटी लावली जाते. साठवण टाकीकडे जाणारी नळी काढली किंवा बंद केली जाते. सफाईचे पाणी टाकीत जाता कामा नये.

दुसरी पायरी : वेगळ्या ड्रममध्ये आरओचे शुद्ध पाणी घेऊन त्यात रसायन मिसळले जाते. कॅल्शियम कार्बोनेटचा थर आणि लोहाचा गंज यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. लोणची आणि सरबतात वापरतात ते लिंबाचे सत्व हेच. १०० लिटर पाण्यात २ किलो, म्हणजे २ टक्के, हे नेहमीचे प्रमाण. काही ठिकाणी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडही अगदी सौम्य करून वापरतात. अ‍ॅसिडमुळे थरातला कार्बोनेट विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात.

तिसरी पायरी : हे द्रावण कमी दाबाने मेम्ब्रेनमधून अर्धा ते एक तास फिरवले जाते. मग सुमारे तासभर तसेच मुरू दिले जाते आणि पुन्हा फिरवले जाते. द्रावण गढूळ झाले किंवा त्याचा आंबटपणा उतरला तर नवे द्रावण घेतात.

चौथी पायरी : मेम्ब्रेनवर शेवाळी चिकट थर किंवा सल्फेटचा थर असेल तर अ‍ॅसिड पुरत नाही. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण लागते. थर कसला आहे हे नक्की माहीत नसेल तर बहुधा आधी सोड्याची आणि नंतर अ‍ॅसिडची सफाई करतात. दोन्हींच्या मध्ये मेम्ब्रेन स्वच्छ पाण्याने धुतात. सिलिकाचा थर सर्वांत चिवट असतो. तो साध्या अ‍ॅसिडने निघत नाही.

पाचवी पायरी : शेवटी स्वच्छ पाण्याने मेम्ब्रेन धुतले जाते. त्यानंतर यंत्र सुरू करून सुरुवातीचे शुद्ध पाणीही फेकून दिले जाते. पीएच आणि टीडीएस सफाईआधीच्या नेहमीच्या पातळीवर स्थिर झाल्याशिवाय पाणी टाकीत सोडायचे नाही.

सहावी पायरी : वापरलेले अ‍ॅसिड सोडा किंवा चुन्याने निष्प्रभ करून मगच मलवाहिनीत सोडतात. ते उघड्या गटारात ओतू नये. सर्जापूर रोडच्या परिसरात बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी असे तलाव आहेत आणि उघड्या गटारांचे पाणी शेवटी अशा तलावांतच जाते.

लाभार्थ्यांनी त्या दिवशी काय काळजी घ्यावी?

• सफाई सुरू असताना केंद्राच्या आत जाऊ नका आणि मुलांना जवळ खेळू देऊ नका.
• बाहेर सोडलेले पाणी भांडी, कपडे किंवा जनावरांसाठी भरून घेऊ नका. एरवी ते चालत असले तरी सफाईच्या दिवशी त्यात अ‍ॅसिड असते.
• केंद्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘धुऊन झाले का, पीएच आणि टीडीएस मोजला का’ असे चालकाला विचारा. आकडा पाटीवर लिहायला सांगा.
• पाण्याला आंबट चव, साबणासारखा बुळबुळीतपणा किंवा उग्र वास असेल तर ते पिऊ नका. कॅन बाजूला ठेवून लगेच कळवा.
• आदल्या दिवशी एक जादा कॅन भरून ठेवा. त्यासाठी सफाईची तारीख किमान एक दिवस आधी पाटीवर लिहिण्याची मागणी करा.

एक धोका कधीही विसरू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. आरओमध्ये नेहमी वापरले जाणारे मेम्ब्रेन क्लोरीनने खराबही होते. साठवण टाकीचे निर्जंतुकीकरण वेगळे आणि वेगळ्या वेळी करायचे असते. हे काम करणाऱ्या कामगाराला रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि हवा खेळती असलेली जागा मिळाली पाहिजे. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही ओतायचे नाही.

सफाई होत नसेल तर कोणाकडे जावे?

सर्जापूर रोड एकाच संस्थेच्या हद्दीत येत नाही. म्हणून आधी केंद्राची पाटी वाचा. त्यावर संस्था, कंत्राटदार आणि दूरध्वनी क्रमांक असायला हवा.

शहराच्या हद्दीत : बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी हा पट्टा २००७ मध्ये शहराला जोडलेल्या ११० गावांपैकी आहे. सप्टेंबर २०२५ पासून बृहन् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महानगरपालिका आल्या आहेत. पाण्याविषयीच्या तक्रारीसाठी बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाचा मदत क्रमांक १९१६ आहे. केंद्र महानगरपालिकेचे असेल तर प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत : दोम्मसंद्र, सर्जापूर हा भाग आनेकल तालुक्यात येतो. ग्रामपंचायतीचे केंद्र असेल तर पंचायत विकास अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ३० टक्के वाटा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखून ठेवला होता. हा पैसा कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

महाराष्ट्रात : ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, आणि गावाची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांच्याकडे अर्ज करा. राज्याच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

बांधकामावर राहणाऱ्या मजुरांसाठी : कामाच्या जागी पिण्याचे पाणी पुरवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. सरकारी केंद्र बंद असले तरी ही जबाबदारी टळत नाही.

अर्जात काय लिहावे?

अर्ज लहान ठेवा. नमुना असा :

‘आमच्या वस्तीतील शुद्ध पाण्याच्या केंद्रात (ठिकाण) (तारीख) पासून पाणी दुपारीच संपते. टीडीएस दर्शकाचा आकडा (आधीचा) वरून (आताचा) झाला आहे. कृपया पुढील गोष्टी कराव्यात. १. मेम्ब्रेनची तपासणी व क्षार सफाई. २. अँटिस्केलंट व त्याच्या पंपाची तपासणी. ३. मागील सफाईची तारीख पाटीवर लिहिणे. ४. सफाईनंतर पाण्याचा नमुना तपासून अहवाल लावणे. ५. केंद्र बंद असेपर्यंत पर्यायी पाणी देणे.’

अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार देखभालीच्या कराराची प्रत, नोंदवहीची प्रत आणि मागील सफाईचे बिल मागा. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा. माहिती ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. कर्नाटकात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिल्यास काम सोपे होते. शेजारी किंवा शाळेतल्या मुलांची मदत घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतो का?
उत्तर : केवळ जड पाण्यामुळे मुतखडा होतो असे म्हणता येत नाही. पाणी कमी पिणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. मेम्ब्रेन खराब झाले तर मात्र फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूही आरपार येऊ शकतात. खरी काळजी त्याची करावी.

प्रश्न : टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध का?
उत्तर : नाही. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. जंतूंसाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते. जल जीवन मिशनखालील पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांसाठी माफक दरात खुल्या केल्या आहेत. अनेक गावांत पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण दिलेले असते, त्यांच्याकडे चौकशी करा.

प्रश्न : घरच्या आरओमध्ये आम्हीच अ‍ॅसिड टाकले तर चालेल का?
उत्तर : नाही. ते नीट धुतले जात नाही आणि मेम्ब्रेनही खराब होऊ शकते. वेळच्या वेळी फिल्टर बदलणे स्वस्त पडते. पाणी तापवण्याच्या किटलीतला थर मात्र घरी काढता येतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घालून उकळा, बंद करून अर्धा तास ठेवा, ओतून द्या आणि दोन-तीनदा साध्या पाण्याने उकळून फेका. त्यात दुसरे कोणतेही सफाईचे द्रव मिसळू नका. गिझर मात्र मिस्त्रीकडूनच उघडून घ्या.

प्रश्न : कावेरीचे पाणी आले तर हा त्रास संपेल का?
उत्तर : कमी होईल. ११० गावांसाठीच्या कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे. नदीचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असते, त्यामुळे थर हळू साचतो. पण आपल्या घराला जोडणी मिळेपर्यंत आणि बोअर वापरात असेपर्यंत केंद्राची सफाई लागणारच.

लक्षात ठेवा

दोन किलो सायट्रिक अ‍ॅसिडचा खर्च काही शे रुपयांचा आहे. निकामी मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च हजारोंचा आहे, आणि तोपर्यंत खासगी कॅनचा भुर्दंड प्रत्येक घराला बसतो. म्हणून ‘सफाईसाठी बंद’ ही पाटी दिसली तर चिडण्याआधी तारीख पाहा. वर्षभरात ही पाटी एकदाही लागली नसेल, तर अर्ज करण्याची वेळ आली आहे असे समजा.